फोन फक्त करायचा, घ्यायचा नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचं वृत्तपत्र मी रोज मोठ्याने वाचतो. माझ्या थोरल्या भावाची नजर काचबिंदूने गेली आहे आणि तो माझ्यापासून लांब, दुसऱ्या गावी राहतो. गेली सात वर्षं मी सकाळी साडेपाचला पेपर उघडतो, पहिल्या पानावरच्या दोन-तीन बातम्या, अग्रलेख आणि वाचकांची सगळी पत्रं वाचून रेकॉर्ड करतो आणि ती फाइल माझ्याच घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर ठेवतो. सातच्या आत ती दादाच्या फोनवर आपोआप उतरलेली असते. तो ती दीडपट वेगाने ऐकतो. अग्रलेख पटला नाही, तर साडेसातला माझा फोन वाजतो.

त्या लॅपटॉपची बिजागरी तुटली होती, म्हणून त्याचा स्क्रीन मी काढूनच टाकला. उरलेला कीबोर्डचा भाग राउटरशेजारच्या फळीवर असतो. महिन्यातून एकदा पंख्याची जाळी ब्रशने साफ करतो. वर एक कागद चिकटवला आहे: ‘हे मशीन चालू राहू द्यावं.’ टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेत १९९० साली जगातला पहिला वेब सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला वेबची पानं देणारी यंत्रणा, ज्या नेक्स्ट कॉम्प्युटरवर चालवला, त्यावरही लाल शाईत लिहिलेली अशीच चिठ्ठी होती, की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आज आपण ज्याला वेब म्हणतो, ते एका माणसाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर सुरू झालं.

गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी दादाचा फोन आला. “अरे, आज पेपर आला नाही.” मी लॅपटॉप पाहिला, तो चालू होता. फाइल जागेवर होती. इंटरनेटही चालू होतं, मी स्वतः बातम्या उघडून पाहिल्या. मग राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. तिथे बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांक, १०० ने सुरू होत होता आणि दुसरा आकडा होता ७३. आकडा बघूनच कळलं काय झालंय ते. कंपनीने रातोरात मला सामाईक पत्त्याच्या मागे टाकलं होतं, म्हणजे अनेक घरांना मिळून एकच पत्ता; त्यामुळे बाहेरून माझ्या लॅपटॉपपर्यंत कुणाला पोचता येत नव्हतं. ना मेसेज, ना ईमेल.

कस्टमर केअरला फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, वरिष्ठांना विचारून आली आणि म्हणाली, “सर, घरगुती कनेक्शनवर सर्व्हर चालवायला परवानगीच नाही. नियमात आहे.” तिचा काही दोष नव्हता. मी फोन ठेवला आणि कनेक्शन घेताना ज्या अटी-शर्तींवर न वाचता टिचकी मारली होती, त्या पहिल्यांदा सबंध वाचल्या. कलम तिथे होतं. ग्राहकाने या जोडणीवर ‘कोणत्याही प्रकारचा सर्व्हर’ चालवू नये; चालवल्यास कंपनी पूर्वसूचनेशिवाय सेवा बंद करू शकते. अशी कलमं जगभरातल्या अनेक कंपन्यांच्या घरगुती अटींत असतात. त्यामुळे हा माझ्या एकट्याच्या तक्रारीचा विषय नाही आणि म्हणून कंपनीचं नावही मी इथे लिहीत नाही.

मी ३१ वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होतो. लाइन म्हणजे काय, हे मी हाताने शिकलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, ‘कोणत्याही प्रकारचा सर्व्हर’ हे शब्द इंटरनेटच्या जाळ्याच्या कामात काहीच नेमकं सांगत नाहीत. सर्व्हर ही काही वेगळी वस्तू नसते. जो कॉम्प्युटर बाहेरून आलेल्या मागणीला उत्तर देतो, तो त्या क्षणापुरता सर्व्हर. दारावरचा कॅमेरा तुम्ही ऑफिसातून बघता, तेव्हा बऱ्याचदा कॅमेरा सर्व्हर असतो. दोन मुलं आपापल्या घरून एकमेकांविरुद्ध गेम खेळतात, तेव्हा पुष्कळदा एकाचं मशीन यजमान असतं. व्हिडिओ कॉलमध्ये दोन्ही फोन शक्य असेल तेव्हा थेट एकमेकांकडे माहितीची पाकिटं पाठवतात. कंपनीने माझ्या घरी बसवलेला राउटर घ्या. १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकला की त्याचं पान उघडतं, ते पान देणारा वेब सर्व्हर त्या डबीतच असतो. घरातल्या प्रत्येक फोनला पत्ता वाटून देणारी डीएचसीपी सेवाही तीच डबी चालवते. कलमाचा शब्दशः अर्थ लावला तर नियम पाळणारं घर शोधून सापडणार नाही. आणि जो नियम सगळेच मोडतात, तो लागू कुणाला करायचा हे कंपनीच्या मर्जीवर राहतं. मला खरी भीती आहे ती याची.

एक्स्चेंजमध्ये एक पद्धत होती. एखाद्याचं बिल थकलं की आम्ही आधी त्याचं आउटगोइंग बंद करायचो. त्याला फोन करता यायचा नाही, पण आलेला घेता यायचा. लाइन पूर्ण तोडायची वेळ फार नंतर यायची. पैसे न भरणाऱ्या माणसालाही निदान बाहेरून हाक ऐकू यावी, एवढी जाण त्या पद्धतीत होती. आणि आज मी वेळेवर पैसे भरतो, तर मला हवं तिथे जाता येतं, पण माझ्याकडे कुणाला येता येत नाही. फोन फक्त करायचा, घ्यायचा नाही, अशी लाइन आम्ही कुणाला दिली असती तर लोकांनी ती परत केली असती.

सामाईक पत्त्याचं प्रकरण थोडं समजावून सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या घरी ते आहे आणि त्यांना माहीत नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. मग कंपन्यांनी एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवायला सुरुवात केली. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची पत्त्यांची एक पट्टी राखून ठेवण्यात आली. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता या पट्टीतला दिसला, तर समजावं की आपण मागच्या खोलीत आहोत.

ज्यांनी ऑफिसातला जुना ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसाचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज, पाहिला आहे, त्यांना हे लगेच कळेल. शंभर टेबलांवर शंभर फोन, बाहेर जाणाऱ्या लाइनी दहा. टेबलावरून शून्य दाबलं की बाहेरची लाइन मिळते, कुणाची परवानगी लागत नाही. पण बाहेरून फोन आला तर तो बोर्डावर येतो आणि ऑपरेटर विचारतो, कोण हवंय? इथे तो ऑपरेटरच नाही. कंपनीच्या यंत्रात एक तक्ता असतो. आतून पाकीट बाहेर गेलं की त्यात नोंद होते आणि त्याचं उत्तर परत आलं की नोंद बघून ते योग्य घरी जातं. दादाचा फोन आपणहून माझं दार ठोठावतो, तेव्हा तक्त्यात नोंद नसते. पाकीट तिथेच टाकून दिलं जातं. दादाला एवढंच दिसतं, की पेपर आला नाही.

पत्ते कमी आहेत हे खरं आहे, आणि त्याबद्दल मी कंपनीला दोष देत नाही. पण त्यावरचा इलाजही जुना आहे. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीची पहिली मांडणी डिसेंबर १९९५ मध्येच झाली. तिच्यात पत्ता १२८ बिटांचा आहे, प्रत्येक घराला हवे तेवढे पत्ते देऊन उरतील इतके. माझ्या कंपनीने आयपीव्ही६ दिलंही आहे. मात्र तिच्या राउटरमध्ये बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी बंद करून ठेवली आहे आणि ती उघडायची सोय ग्राहकाच्या पानावर ठेवलेलीच नाही. सुरुवातीला दार बंद असावं, हे मला मान्य आहे. किल्ली मात्र घरात राहणाऱ्याकडे असायला हवी.

आता कंपनीची बाजू. ती मला चांगली कळते, कारण मी आयुष्यभर त्याच बाजूला उभा होतो. कोणतंही एक्स्चेंज सगळ्या ग्राहकांनी एकाच वेळी फोन उचलावा म्हणून बांधलेलं नसतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये या विषयावरचा पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये ते गणित सूत्रात बसवलं: किती लोक, सरासरी किती वेळ बोलतात, मग किती लाइनी पुरतील. आजही दूरसंचारात वाहतूक ‘एर्लांग’मध्ये मोजतात. इंटरनेटची कंपनीही त्याच तत्त्वावर चालते. दहा घरांना विकलेली क्षमता एका घराने दिवसरात्र वापरली, तर बाकीच्या नऊ घरांचे हाल होतात. अशा घराला आवर घालणं हे कंपनीचं कामच आहे.

शिवाय हे कलम ज्या काळात लिहिलं गेलं, त्या काळी परतीची, म्हणजे घरातून बाहेर जाणारी, वाट खरोखर अरुंद होती. एडीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट; त्याच्या नावातलं पहिलंच अक्षर ‘असमान’ असं सांगतं: सुरुवातीच्या मांडणीत खाली, म्हणजे घरात, येणारा वेग सेकंदाला आठेक मेगाबिटपर्यंत, तर वर, म्हणजे घरातून बाहेर, जाणारा जेमतेम एक. केबलच्या जाळ्यातही वर जाण्यासाठी राखलेली पट्टी अगदी थोडी असे आणि ती सगळ्या गल्लीत वाटून घ्यावी लागे. एकाने घरून फाइली वाटायला घेतल्या की शेजाऱ्याचं साधं पानही उघडायला वेळ लागायचा. त्या दिवसांत ‘सर्व्हर नको’ म्हणण्यामागे कारण होतं.

पण आता माझ्या घरात येते ती फायबर. घरोघरच्या फायबरची रूढ पद्धत जीपीओएन. तिच्यात एका धाग्यावर खाली २.४८८ आणि वर १.२४४ गिगाबिटची क्षमता असते. तो धागा ३२ घरांत वाटला आणि ३२ ही घरं एकाच सेकंदाला वर पाठवू लागली, तरी ढोबळमानाने प्रत्येकाच्या वाट्याला ३८ मेगाबिट येतात. आता दादाचा पेपर मोजू. ४० मिनिटांचं वाचन, ६४ किलोबिटचं एमपी३, म्हणजे १९ मेगाबाइट. दिवसातून एकदा. अख्ख्या महिन्याचे ६०० मेगाबाइटही होत नाहीत. सेकंदाला एक मेगाबिट पाठवणारा ४० मिनिटांचा एक व्हिडिओ कॉल ३०० मेगाबाइट वर पाठवतो. म्हणजे असे दोन कॉल केले की दादाच्या महिनाभराच्या पेपरापेक्षा जास्त भार पडला. त्या कॉलला कलमाची आडकाठी नाही. जाहिरातीत तर तोच दाखवतात.

मग बंदी कशावर आहे? भारावर नाही. अपायावरही नाही. एका शब्दावर आहे.

अपायाबद्दल लिहिलं पाहिजे, कारण तिथे माझ्यासारख्यांनीही जबाबदारी घ्यायला हवी. मी ज्या रात्री पहिल्यांदा लॅपटॉपचं दार बाहेरच्यांसाठी उघडलं, त्या रात्री लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडून बसलो होतो. तासाभराच्या आत अनोळखी पत्त्यांवरून ठोठावणं सुरू झालं. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, पुन्हा रूट, अशा ठरावीक नावांनी आत शिरायचा प्रयत्न. ओळीमागून ओळ. मला कुणी ओळखून आलं नव्हतं, ही यंत्रं सगळ्याच पत्त्यांवरून फिरत असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रामने असंच फिरत घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच्याकडे होती फक्त कारखान्यातून लावून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या उपकरणांनी डाइन या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर, एकदम मारा केला आणि ट्विटरसारख्या मोठमोठ्या साइट कित्येक तास नीट उघडेनात.

हे मी विसरलेलो नाही. माझ्या लॅपटॉपवर पासवर्डने आत येताच येत नाही, किल्लीची फाइल लागते. एकच पोर्ट, म्हणजे आत-बाहेर जायचं एकच क्रमांकाचं दार, उघडं आहे. सुरक्षा सुधारणा रोज रात्री आपोआप बसतात. दादाच्या फाइलीही पासवर्डमागे आहेत. घरगुती जोडण्यांवरून पोर्ट २५ बंद ठेवायची पद्धत आहे, तीही मला योग्य वाटते. बिघडलेल्या कॉम्प्युटरवरून फालतू मेलचा पूर येतो तो त्याच वाटेने, आणि आपले मेल पाठवायला ५८७ ची वाट असतेच. एक दार, एक कारण, लेखी सांगितलेलं. असा नियम मी आनंदाने पाळतो.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मिराईने पकडलेल्या त्या कॅमेऱ्यांना कुणी ‘सर्व्हर’ म्हणून लावलं नव्हतं. ते दुकानातून आणून भिंतीला ठोकलेले कॅमेरे होते. अटीतला शब्द त्यांना अडवू शकला नाही. जो माणूस लॉग वाचतो, सुधारणा बसवतो, त्याच्यावर मात्र तो शब्द बरोबर जाऊन बसतो.

टेलिफोनच्या इतिहासात हे सगळं एकदा होऊन गेलं आहे, आणि आमच्या खात्यातल्या जुन्या लोकांना ते ठाऊक असायचं. अमेरिकेत हश-अ-फोन नावाची एक साधी वस्तू मिळायची. फोनच्या बोलण्याच्या तोंडावर बसवायची वाटी, म्हणजे खोलीतल्या इतरांना बोलणं ऐकू जाऊ नये. टेलिफोन कंपनीच्या नियमात बाहेरची कोणतीही वस्तू फोनला लावायची मनाई होती, म्हणून या वाटीलाही मनाई. नियामक आयोगानेही कंपनीचीच बाजू घेतली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ग्राहकाच्या स्वतःच्या सोयीचा आणि लोकांना अपाय न करणारा वाजवी वापर कंपनी अडवू शकत नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. पुढे टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी रेडिओसंच आणि टेलिफोन जोडणारं कार्टरफोन हे यंत्र विकायला काढलं. कंपनीने पुन्हा तीच मनाई पुढे केली. १९६८ मध्ये त्याच आयोगाने ती मनाई गैरवाजवी ठरवली. त्यानंतर आन्सरिंग मशीन, फॅक्स, मोडेम हे सगळं सामान्य घरात यायची वाट मोकळी झाली. मोडेम घरात आला नसता, तर घरगुती इंटरनेट तरी कुठून सुरू झालं असतं?

इंटरनेटच्या बाबतीतही असं एक पाऊल पडलं आहे. गूगल फायबरने, म्हणजे गूगलच्या घरगुती इंटरनेट सेवेने, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्याही अटींत लेखी कराराशिवाय कोणताही सर्व्हर चालवू नये असं होतं. एका ग्राहकाने त्याच नियामक आयोगाकडे तक्रार केली. कंपनीने आधी त्या कलमाचं समर्थन केलं, पण २०१३ संपायच्या आत अट बदलली: वैयक्तिक, बिनव्यापारी सर्व्हर चालेल, घरातल्या गोष्टी बाहेरून वापरणं, गेम, घराची सुरक्षा, हे सगळं चालेल. जाळं कोसळल्याचं कुणी ऐकलं नाही. युरोपीय संघाने तर नोव्हेंबर २०१५ च्या नियमावलीच्या तिसऱ्याच कलमात लिहिलं, की ग्राहकाला माहिती मिळवण्याचा आणि पसरवण्याचा, सेवा वापरण्याचा आणि सेवा पुरवण्याचाही हक्क आहे, तोही स्वतःच्या पसंतीच्या उपकरणावरून. मला त्यातला ‘पुरवण्याचा’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. आपण इंटरनेटवर फक्त घेणारे नाही, देणारेही आहोत, हे त्यात मान्य केलं आहे.

मला लोक विचारतात, एवढा खटाटोप कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठव की. लॅपटॉप लावण्याआधी दोन वर्षं मी तेच करत होतो. दिवसभराच्या मेसेजांच्या ढिगात ती फाइल शोधणं दादासाठी रोजची परीक्षा होती. फोन बोलून दाखवतो, पण शंभर मेसेज बोलून दाखवतो. आता पॉडकास्टच्या अ‍ॅपमध्ये फाइली तारखेने लागतात, जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतात. जुन्या सगळ्या शिल्लक आहेत. मध्यंतरी त्याने विचारलं, “त्या पाण्याच्या टाकीवर कुणीतरी पत्र लिहिलं होतं ना गेल्या वर्षी?” आणि मी चार मिनिटांत त्याला ते पुन्हा ऐकवलं. सात वर्षांचं आमचं वाचन आमच्या घरात आहे. दुसऱ्या कुणाच्या खात्यात ठेवलं आणि ते खातं एका सकाळी बंद झालं, तर मागायला कुणाच्या दारात जायचं?

शेजारची एक मुलगी कॉम्प्युटर शिकते आहे. तिने जुन्या डेस्कटॉपवर स्वतःची पहिली वेबसाइट उभी केली आणि मैत्रिणीला पत्ता पाठवला. मैत्रिणीला काही दिसेना. दोन दिवस ती आपलंच काहीतरी चुकलं म्हणून ओळी तपासत बसली होती. चूक तिची नव्हती, तिच्या घरीही पत्ता १०० ने सुरू होत होता. मी राउटरचं पान उघडून तिला तो आकडा दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “काका, म्हणजे मला इंटरनेटवर जाता येतं, पण मी इंटरनेटवर नाही?” ३१ वर्षांच्या नोकरीनंतर मलाही हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

दादाचा पेपर आता पुन्हा जातो. मी एका डेटा सेंटरमध्ये छोटंसं मशीन भाड्याने घेतलं आहे. माझा लॅपटॉप घरून त्याला वायरगार्ड नावाच्या प्रोग्रामने बोगदा जोडतो, म्हणजे आतून बाहेर फोन लावून तो उचललेलाच ठेवतो. दादाचा फोन त्या भाड्याच्या मशीनकडे जातो, तिथून बोगद्यातून माझ्या फळीवर येतो. कंपनीच्या लाइनवर वर जाणारा भार पूर्वी १९ मेगाबाइट होता, आजही तेवढाच आहे, उलट बोगद्याची वेष्टनं धरून थोडा जास्तच. बंदीने एक बाइटही वाचला नाही. आणि या बोगद्याने मी नियम मोडतो की नाही, हे मला कस्टमर केअरमध्ये तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन प्रकारे सांगितलं. ज्या लाइनवर माझी आणि दादाची रोजची गाठ पडते, ती पूर्वसूचनेशिवाय तोडण्याचा हक्क कंपनीकडे आहे, हे मनात ठेवून मी रोज सकाळी वाचायला बसतो.

भार जास्त होत असेल तर आकडा लिहा. महिन्याला इतके गिगाबाइट वर, त्यापुढे वेग कमी होईल. मी तो आकडा सांभाळीन. माझ्या मशीनवरून कुणाला त्रास झाला, तर मला कळवा, दुरुस्तीला दोन दिवस द्या, नाही केली तर खुशाल लाइन बंद करा. व्यापारासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागेल म्हणालात तर तेही ठीक, दुकान चालवणाऱ्याने दुकानाची लाइन घ्यावी. ग्राहकाला सामाईक पत्त्यामागे ठेवणार असाल, तर ते कनेक्शन देतानाच सांगा आणि नंतर हलवणार असाल तर आठवडाभर आधी. आयपीव्ही६ चं दार उघडायची किल्ली राउटरच्या पानावर ठेवा. यातलं काहीही करायला नवं यंत्र घ्यावं लागत नाही.

आपल्या वृत्तपत्रात नव्या कनेक्शनच्या जाहिराती रोज येतात आणि दादासाठी मी त्या वाचत नाही. पण त्यांत वेगाचा जो मोठा आकडा असतो, तो खाली येणाऱ्या वेगाचा आहे की वर जाणाऱ्याचाही, आणि बाहेरून आत येता येतं की नाही, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा कंपन्यांना विचारून छापावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाचकांनीही आज राउटरचं पान उघडून आपला आकडा बघावा.

या पत्राची एक प्रत मी माझ्या कंपनीला पाठवली आहे. सोबत दोन प्रश्न लिहिले आहेत. आंधळ्या भावासाठी रोज १९ मेगाबाइटची एक फाइल घरातून देणं तुमच्या कलमात बसतं का? बसत नसेल, तर त्याने तुमच्या जाळ्याचं नेमकं काय बिघडतं? दोन्हींची उत्तरं लेखी मागितली आहेत. आली की तीही आपल्याकडे पाठवीन.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ